मतदान काढणारा कडूबा

मतदानाच्या दिवशी आमच्या वस्तीत कोंबड्याच्या आधी माहा सासरा ओरडे. नाव कडूबा, अन् जीभही नावासारखीच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मतदारयादी, कानावर पेन्सिल. ज्यानं मत टाकलं त्याच्या नावावर फुली. ज्याच्या नावावर फुली नाई, त्याच्या दारात बुढा उभा. तुम्हाले ताप असो, घरात पाहुणे असो, म्हैस व्यायले टेकली असो, बुढ्याले काई सांगायचं नाई. शेजारच्या बाळंतिणीले त्यानं सातव्या दिवशी लेकरासगट आटोत बसवून शाळेत नेलं होतं. एका म्हातारीचा पाय मोडलेला, तिले खाटेसगट उचललं. वाटंत खाट कलली अन् म्हातारी खाली आली. तरी बोटाले शाई लागेपर्यंत तिले दवाखान्यात जाऊ देलं नाई. म्हणे, बटन हातानं दाबा लागते, पायाचं काय काम हाय.

लोकं हसत. म्याही हसली हाय तवा, खोटं काऊन बोलू.

आमचं गाव सुलतानपूरच्या पलीकडं सहा किलोमीटर. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाले, शाळेजवळ. पैशाचं कोणी बोललं तर कडूबा त्याले दारातून हाकले, मंग तो कोणत्याही पक्षाचा असो. स्वतः कधी कोणाचा चहाही पेला नाई. त्याचं एकच होतं, वस्तीचं मत शंभर टक्के झालं पाह्यजे अन् एकाच जागी पडलं पाह्यजे. त्याचा बाप गावच्या चावडीच्या पायरीवर कधी बसू शकला नाई. अन् पहिल्या मतदानाले तोच बाप लायनीत उभा राह्यला, तर त्याच्या मांगं गावचा पाटील उभा. पाटील म्हणे, सरक. बाप म्हणे, नंबर लागला हाय. ही गोष्ट बुढ्यानं मले लगन होऊन आली त्याच आठवड्यात सांगतली होती, अन् सांगता सांगता त्याच्या डोळ्याले पाणी आलं होतं. मले तवा तो माणूस लय आवडला.

ठरवायची आमची रीत अशी, की मतदानाच्या दोन दिवस आधी सारी वस्ती विहारात बसते. उमेदवारानं चप्पल बाहेर काढायची, सतरंजीवर बसायचं, अन् पाच मिनिटात काय ते बोलून निघून जायचं. खुर्ची नाई, हार नाई. ते गेले की आपसात भांडण. भांडण लय होते, बायाही बोलतात. पण एकदा ठरलं की ठरलं, मंग कोणी फुटायचं नाई.

सरपंच थेट मतानं निवडायच्या पहिल्या निवडणुकीत भगवानराव अन् गजेंद्र असे दोघं समोरासमोर होते. भगवानराव दोनदा सरपंच झालेला, अन् दहा वर्षांत आमच्या वस्तीच्या नालीवर एक फरशी टाकू शकला नाई. घरकुलाच्या यादीत मात्र त्याच्या मेव्हण्याचं नाव दोनदा. गजेंद्राचं खताचं दुकान. बोलणं गोड. आमच्या लेकराले चॉकलेट देणार अन् बापाले खत वेळेवर देणार नाई. कडूबा विहारात म्हणला होता, दोघंही चोर हायेत, पण गजेंद्र नवा चोर हाय, त्याले अजून लाज हाय. दगडापेक्षा वीट मऊ. सारे हसले, अन् गजेंद्राची कपबशी ठरली.

वस्तीचे एकशे बेचाळीस मतं. त्यात एक माहं, रेणुकाचं.

माहे बाबा तवा डोणगावले अंथरुणाले लागलेले होते. पोटात पाणी झालं होतं. आठ दिवस आधी जाऊन आली तवा त्यांनी हात धरून ठेवला होता, अन् म्या सांगतलं होतं की मतदान झालं की दुसऱ्या दिवशी येते. माहा फोन बंद पडला होता, म्हणून माहा भाऊ प्रसेनजित सासऱ्याच्या नंबरवर फोन करे.

मतदानाच्या दिवशी आम्ही सात बाया सकाळीच सोयाबीन सोंगायले गेलो होतो. अकरा वाजता प्रसेनजितचा फोन आला. बाबा ताईचं नाव घेऊन राह्यले, तिले लगेच काढा, असं त्यानं सांगतलं. कडूबा म्हणला, पाठवतो. साडेबाराले दुसरा फोन आला, की बाबा गेले. कडूबानं इचारलं, माती किती वाजता. भाऊ म्हणला, ताई आल्याबिगर उचलत नाई. कडूबा म्हणला, बरं. अन् फोन बंद करून खिशात टाकला.

हे सारं मले मांगून भावानं सांगतलं. मले काय माहीत तवा? एक वाजता बुढा आटो घेऊन वावराच्या धुऱ्यावर आला अन् ओरडला, चला महाराण्यांनो, विळे ठेवा. आम्ही तशाच अंगावरच्या कपड्यात आटोत बसलो. शाळेत लायन लांब होती. माही नणंद मयुरी लायनीत होती, तिनं भगवानरावच्या चालण्याची नक्कल केली अन् आम्ही हसून हसून वाकलो. मत टाकून बाहेर आल्यावर मयुरीनं फोटो काढला. माहं शाईचं बोट वर, तोंड उघडं, दात दिसून राह्यले. माह्या बापाले जाऊन तवा तीन तास झाले होते.

तवातरी सांगावं की नाई? तवाही नाई. वस्तीतल्या तीन बाया राह्यल्या होत्या, नवऱ्याशी भांडून बसलेल्या, कोणाचंच ऐकत नव्हत्या. बुढ्यानं मले पाठवलं, तुहं ऐकतात म्हणे. म्या घरोघरी जाऊन त्यांचे पाय धरले, त्याहिले शाळेत आणलं. सव्वापाचले एकशे बेचाळीसाव्या नावावर फुली पडली. मंग कडूबा ओट्यावर बसला, पाणी पेला, अन् मले म्हणला,

"रेणुका, तुहा बाप दुपारीच गेला. तू गेली असती तरी तो काई उठणार नव्हता. पण मत गेलं असतं."

त्याले खरंच वाटून राह्यलं होतं की मले हे पटन.

सुलतानपूर, मंग मेहकर, मंग डोणगाव. पोचायले आठ वाजले. अंधार पडायच्या आधी लोकांनी प्रसेनजितले समजावलं होतं, किती येळ ठेवशील. म्या गेली तवा नुसता जाळ होता. भाऊ माह्याशी बोलला नाई. त्याले वाटलं, बहीण निवडणुकीच्या नादात आली नाई. पुढं सहा महिन्यांनी आमचं बोलणं झालं, तवा कोणत्या येळेले कोणता फोन ते मले कळलं.

गजेंद्र एकशे बारा मतानं आला. माह्याबिगर एकशे अकरानं आला असता. एवढ्यासाठी माह्या बापाचं शेवटचं तोंड पाहायचं राह्यलं.

बरं, एवढ्यावर थांबला असता तरी म्या गिळलं असतं. सासर हाय, बाई गिळतेच. माहा नवरा देवानंद चाकणले कंपनीत, तो फोनवर म्हणला, जाऊ दे, माणूस तसाच हाय. पण बुढ्यानं त्याची गोष्ट केली. विहारात, लगनात, गावात कोणी साहेब आला की त्याच्यापुढं. म्हणे, "माह्या सुनेचा बाप मेला, तरी तिनं आधी मत टाकलं, मंग मातीले गेली. अशी पायजे बाई." पहिल्यांदा ऐकलं तवा म्या घरी त्याले म्हटलं, मामाजी, मले माहीत नव्हतं, तुम्ही लपवलं. तर म्हणे, लोकाले काय करायचं ते, मी तुहं नाव मोठं करून राह्यलो. म्या उपकार मानावे, याची तो वाट पाहून राह्यला होता. अन् मयुरीनं काढलेला फोटो, तो दात दिसणारा, गणेशनं मोठा करून विहाराच्या भिंतीवर लावला. गणेश म्हणजे वस्तीतला ग्रॅज्युएट, कडूबाचा उजवा हात. बाया मले म्हणत, रेणुका, तुहं काळीज दगडाचं हाय वं. डोणगावले तर लोकं तोंडावर थुंकायचे बाकी होते. पाच वर्षं म्या ते ऐकलं. पाच वर्षं त्या माणसाले भाकर वाढली.

तवापर्यंत बुढ्याच्या डोळ्यात काचबिंदू उतरला. जालन्याले नेलं, उशीर झाला होता. दोन्ही डोळे गेले. तो अंधारात बसे अन् वस्तीच्या साऱ्या मतदारांची नावं यादीच्या क्रमानं पाठ म्हणे.

दुसऱ्या निवडणुकीत सरपंचाची जागा बाईले सुटली. गजेंद्रानं बायकोले उभं केलं, निशिगंधाले. बॅनरवर तिचा फोटो पासपोर्टएवढा अन् गजेंद्राचा हात जोडलेला फोटो दरवाजाएवढा. विहारात आली तवा तिनं डोक्यावरचा पदर सोडला नाई अन् तोंड उघडलं नाई, सारं गजेंद्रच बोलला. तिच्यापुढं होती अनुपमा. बचत गट चालवणारी, शिकलेली, नवऱ्याले घरी ठेवून एकटी आलेली. तिनं पाच मिनिटात नालीचं, पाण्याच्या टाकीचं अन् शाळेच्या संडासाचं सांगतलं, अन् खोटी आश्वासनं देली नाईत. म्या उठून म्हटलं, मले अनुपमा बरी वाटते. बायाही हाव म्हणल्या.

कडूबानं काठी आपटली. गजेंद्रानं विहाराले कंपाउंड बांधून देलं होतं, ते त्याच्या मनात होतं. म्हणला, रेणुका, तू तर वस्तीची शान हाय, तू काऊन फूट पाडून राह्यली? अन् लागला सांगायले, हिचा बाप मेला तवा. भरल्या विहारात, पुन्हा. बाया खाली पाहायले लागल्या. निशिगंधाचं शिलाई मशीन ठरलं.

आंधळ्या माणसाले मत टाकायले सोबती नेता येतो. सोबत्यानं एका कागदावर सही करायची, की मतदार सांगन तेच बटन दाबीन अन् कोणाले सांगणार नाई. देवानंदले सुट्टी मिळाली नव्हती. बुढा म्हणला, मले कोणी नाई पायजे, माही सून नेईन.

शाळेच्या खोलीत साहेबानं मले इचारलं, मतदाराशी नातं काय. म्या म्हटलं, सून. तर बुढा लगेच सुरू, साहेब, ही काई साधी सून नाई, हिचा बाप मेला होता तवा. साहेबानं माह्याकडं पाह्यलं. मांगं लायन उभी, सारे ऐकून राह्यले. साहेब म्हणला, वा ताई. म्या सही केली.

माहं स्वतःचं मत म्या सकाळीच टाकलं होतं, अन् ते छत्रीले टाकलं होतं, अनुपमाले. ते माहं होतं. आता बुढ्याले धरून मशीनीपुढं उभी राह्यली. तो कानात बोलला, शिलाई मशीन. छत्रीच्या बटनावर माहं बोट गेलं होतं. एक मिनिट तरी राह्यलं असन. मंग म्या ते उचललं अन् शिलाई मशीनच दाबलं. का, ते सांगते. त्याच्या बापाची लायनीतली गोष्ट मले आठवली असं नाई. त्यानं माह्या बापाचं शेवटचं तोंड चोरलं, म्हणून म्या त्याचं मत चोरलं तर म्या अन् तो सारखेच झालो असतो, असं मले तवा वाटलं. चांगुलपणा म्हणा, काई म्हणा. बाहेर येऊन त्याचा हात धरून घरी आणून राह्यली होती. वाटंत दोघं तिघं भेटले, त्याहिले तो पुन्हा तेच, माही सून, हिचा बाप. हात माह्या हातात, अन् तोंड चालू. तिथंच माहा चांगुलपणा संपला.

घरी आणून खाटेवर बसवला, पाणी देलं, अन् म्हटलं,

"मामाजी, म्या छत्रीचं बटन दाबलं."

तो हसला. त्याले मस्करी वाटली. म्या पुन्हा सांगतलं. मंग त्याचं तोंड हळूहळू उतरलं. म्हणला, खोटं बोलतं तू. म्या म्हटलं, साहेबाले जाऊन इचारा. आता साहेब काय सांगणार? मशीन कोणाले सांगत नाई कोणाचं मत कुठं गेलं. ज्याले डोळे हायेत त्यानं पाह्यलं अन् ज्याले नाईत त्यानं ऐकलं, बस. साडेपाच वाजेपर्यंत त्यानं मले अकरा येळा इचारलं. अकराही येळा म्या छत्रीच सांगतली. रात्री जेवला नाई. मले बरं वाटलं. लय बरं वाटलं, अन् म्या पोटभर जेवली.

निशिगंधा निवडून आली, चाळीसेक मतानं. गजेंद्र गुलाल घेऊन विहारात आला, वस्तीचे उपकार मानायले. म्हणला, कडूबा काकानं एकशे पन्नासपैकी एकशे पन्नास मतं काढून देले, अन् हार घालायले पुढं झाला. बुढ्यानं हात आडवा केला. आंधळा माणूस, हार कुठून येते ते दिसत नव्हतं, तरी बरोबर आडवा केला. म्हणला, "एकशे पन्नास नाई. एक मत तिकडं गेलं. ते माहं होतं."

गणेश म्हणला, काका, बटन तर रेणुकावहिनीनं दाबलं ना? बुढा म्हणला, तिले मीच सांगतलं होतं छत्री दाब म्हणून. तिचा काई दोष नाई.

त्यानं माहं नाव काऊन घेतलं नाई, मले अजून समजलं नाई. माही दया आली असन. नाई तर पाच वर्षं सांगतलेली सुनेची गोष्ट मोडायले जीव झाला नसन. म्या एक शब्द बोलली असती तर सारं तिथंच मिटलं असतं. खरं मत कुठं पडलं ते माह्या एकटीले माहीत होतं. म्या भिंतीकडं पाह्यलं, तिथं माहा तो फोटो होता, अन् गप्प राह्यली.

मंग वस्तीनं त्याले सोडलं नाई. ज्या माणसानं तीस वर्षं फुटणाऱ्याच्या दारात काठी आपटली, तोच फुटला. खाटेवरून पडलेल्या त्या म्हातारीच्या लेकानं तोंडावर इचारलं, किती घेतले काका? बायाही बोलल्या, ज्या अनुपमाले हाव म्हणल्या होत्या त्याही. कोणी म्हणे अनुपमाच्या नवऱ्यानं डोळ्याच्या आपरेशनले मदत केली असन. उचलली जीभ लावली टाळ्याले. गणेशनं दुसऱ्या दिवशी येऊन मतदारयादी मांगितली. बुढ्यानं उशाखालून काढून देली.

पुढं लोकसभेचं मतदान आलं, ऐन उन्हाळ्यात. देवानंद चाकणलेच. विहारातल्या बैठकीले कडूबाले कोणी बोलावलं नाई. मतदानाच्या दिवशी बुढा पाचले उठला, आंघोळ केली, मले पांढरा शर्ट मांगितला, गुंड्या स्वतः लावल्या अन् ओट्यावर जाऊन बसला. गणेश यादी घेऊन दारावरून चारदा गेला. चप्पलेच्या आवाजावरून बुढा प्रत्येक येळी मान वर करे. शेजारच्या घरात हाक, पलीकडच्या घरात हाक, आमच्या दारात नाई. म्या सकाळीच जाऊन मत टाकून आली होती. घरी सैपाक केला, भांडे घासले, त्याले भाकर देली. तो दर तासाले येळ इचारे, म्या सांगे.

साडेपाच झाले. मतदान सहाले बंद. बुढ्यानं मले आवाज देला. म्या दारात आली. तो लय हळू बोलला.

"रेणुका, मले ने. तुले वाटन ते बटन दाब. म्या काई इचारणार नाई. पण ने."

मले रडू आलं, हे सांगून टाकते. डोळे भरले अन् त्याले दिसले नाईत. मंग म्या म्हटलं, लायन लय लांब हाय मामाजी, तुमच्यानं उभं राहवणार नाई, सहा वाजून जाईन.

शाळा आमच्या दारापासून दीडशे पावलं हाय. तिथं त्या येळेले एकही माणूस उभा नव्हता, मले ओट्यावरून दिसून राह्यलं होतं.

तो हाव म्हणला. अन् शर्टाच्या गुंड्या सोडायले लागला.